जुन्या लुगड्याचा जमाखर्च



मराठी घरात जन्मलेल्या मुलाच्या अंगाला जे पहिले कापड लागते ते बहुधा जुने असते. वापरून वापरून मऊ पडलेल्या सुती लुगड्याचे दुपटे, त्याच लुगड्याच्या उरल्यासुरल्या तुकड्यांची बाळोती, आणि पाळण्यात अंथरावयास एखादी लहानशी गोधडी. नव्या कापडाची खळ तान्ह्या कातडीस सोसत नाही, हे घरोघरच्या आज्यांना कोणी शिकविलेले नव्हते. ते त्यांच्या हातांना कळत होते. बारशाला येणारे अंगडे-टोपडे नवे आणि जरीचे असते खरे. परंतु ते थोडा वेळ अंगावर राहते, मूल रडू लागते, आणि मग पुन्हा दुपटेच येते.

जुन्या कापडाची ओळख मुलाला अशी पैशाच्या ओळखीच्या कितीतरी आधी होते. असे असूनही मुलांना पैशाचा व्यवहार शिकविण्याची गोष्ट निघाली, की प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे मातीचा गल्ला उभा राहतो, पूर्वी शाळाशाळांतून चालणारी संचयिका आठवते, बँकेतील बालखाते आठवते. या सर्वांत पैसा साठविणे तेवढे शिकविले जाते. तो पैसा कोणत्या वस्तूचे रूप घेतो, ते रूप किती दिवस टिकते, आणि ते टिकविण्याचे श्रम कोण करतो, हे गल्ल्याच्या फटीतून दिसत नाही. ते कपड्यांच्या ट्रंकेत दिसते. आजच्या भाषणाचा विषय ती ट्रंक हा आहे.

नऊवारी लुगड्याचे चरित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. लुगडे सगळीकडे सारखे झिजत नाही. बसण्याउठण्याने त्याचा काही भाग आधी विरतो. काठ आणि पदर पुष्कळ दिवस शाबूत राहतात. तेव्हा घरची बाई विरलेला भाग कापून टाकी आणि धड तुकडे, प्रसंगी दोन निरनिराळ्या लुगड्यांचे, एकमेकांस जोडी. या जोडाला दंड म्हणत. दंड घातलेले लुगडे घरात नेसावयाचे, लग्नकार्यात नेसावयाचे नाही, असा संकेत असे. तेही पुरते विरू लागले की त्यातून मुलीचा परकर निघे, परकर आखूड झाला की तो धाकटीकडे जाई, आणि अखेरीस त्याचे थर वाकळीत बसत. वाकळ म्हणा, गोधडी म्हणा, किंवा बेळगावच्या बाजूस म्हणतात तशी कौदी म्हणा. तीही एक दिवस फाटे. मग तिचे तुकडे चुलीपाशी मसोते म्हणून, उंबऱ्यापाशी पायपुसणे म्हणून आणि सर्वांत शेवटी सारवणाचे पोतेरे म्हणून राबत. स्वच्छ धुतलेल्या सुती चिंधीला पीळ देऊन ती तेलातुपात भिजविली की काकडा होई. पहाटेच्या आरतीला ज्याचे नाव मिळाले तो हाच.

ही परंपरा सांगताना सांगणाऱ्याचा कंठ सहसा दाटून येतो, आणि नेमके तेथेच थोडे थांबावयास हवे. कारण या एवढ्या लांब साखळीतून त्या घरातील मुलांना पैशाविषयी काय कळले, असे विचारले तर उत्तर फारसे समाधानकारक येत नाही.

त्या काळच्या एखाद्या गृहस्थाची रोजकीर्द काढून पाहावी. नव्या धोतरजोडीची किंमत तीत चढलेली आढळेल. शिंप्याची मजुरी आढळेल. परटाचे देणे आढळेल. परंतु दोन धोतरे आणि तीन लुगडी यांची मिळून जी वाकळ झाली, आणि जिच्यामुळे त्या हिवाळ्यात नवे पांघरूण विकत घ्यावे लागले नाही, तिची नोंद कोणत्याही पानावर सापडणार नाही. खर्च झालेला पैसा लिहिला जाई. वाचलेला पैसा कोणाच्याच नावावर जमा होत नसे. तो वाचविणारी बाई आणि त्या काटकसरीचा भार प्रत्यक्ष अंगावर वागविणारे धाकटे मूल, ही दोन्ही माणसे वहीच्या बाहेर राहिली.

धाकट्या मुलाची कथा तर घरोघरीची आहे. थोरल्यासाठी सदरा शिवावयास टाकताना शिंप्याला बजावले जाई, "वाढत्या अंगाचा ठेवा." मग थोरला पहिले वर्ष त्या सदऱ्यात हरवल्यासारखा दिसे, दुसरे वर्ष तो त्याला बेताचा होई, आणि रंग उडून, कॉलर उलटवून, कोपरावर ठिगळ बसवून तो धाकट्याकडे येई. तीन भावांतील धाकट्याला मुंजीखेरीज कोऱ्या कापडाचा वास क्वचितच मिळे. त्याला यातून एवढेच समजले, की काटकसर ही मोठ्यांनी ठरवावयाची आणि लहानांनी अंगावर घालावयाची गोष्ट आहे. अशी मुले मिळवती झाल्यावर पहिल्या पगारात गरजेपेक्षा अधिक कपडे घेतात, आणि आपल्या मुलांना जुना कपडा शिवूही देत नाहीत, यात नवल ते काय? ते उधळे नसतात. जुना हिशेब न मागता त्यांनी परस्पर फेडून घेतलेला असतो.

म्हणून जुन्या कपड्यांतून मुलांना अर्थव्यवहार शिकवावयाचा असेल तर पहिली अट ही, की जो काटकसर सोसतो त्याचा हात वहीवर असला पाहिजे.

हे कसे करावे याचे एक साधे उदाहरण घेता येईल. समजा, धाकट्यासाठी नवा सदरा घेतला असता तर ४५० रुपये पडले असते. त्याऐवजी थोरल्याचा सदरा उसवून, बाह्या आखूड करून, नवी बटणे लावून घेतली, त्यास ५० रुपये लागले. घराचे ४०० रुपये वाचले. यांपैकी २०० रुपये धाकट्याच्या नावावर, त्याच्या डोळ्यांदेखत, जमा करावेत. उरलेले २०० घरखर्चात कोठे गेले तेही त्याला सांगावे. मग तो त्या रकमेचा चेंडू घेईल, पुस्तक घेईल, किंवा तिच्यात भर घालून पुढच्या खेपेस नवाच सदरा मागेल. तो त्याचा अधिकार आहे. पुष्कळ मुले दुसऱ्या खेपेस जुना सदरा आपण होऊन मागतील, काही मागणार नाहीत. जी मागणार नाहीत त्यांनाही वजाबाकी आलेली असेल.

यावर कोणी म्हणेल, की घरातल्या घरात ही देवघेव शोभत नाही. मुलाला लाच दिल्यासारखे होते. लाच चोरून दिली जाते, तिची नोंद होत नाही. येथे तर सर्व काही वहीत मांडावयाचे आहे. याहून वजनदार आक्षेप दुसरा आहे. ज्या घरात ते २०० रुपये बाजूला काढणे शक्यच नाही, तेथे काय करावे? तेथे निदान हिशेब तरी द्यावा. "तुझ्या सदऱ्याचे पैसे या महिन्यात ताईच्या फीत गेले," एवढे एक वाक्य आईने किंवा बापाने मुलाजवळ बसून उच्चारले, तर तो मुलगा ठिगळाचा सदरा घालून शाळेत निराळ्या मानेने जातो. तो आता घरचा एक मिळवता माणूस झालेला असतो. तेच वाक्य त्याला न सांगता सोडून दिले, तर वर्गातल्या पहिल्या टवाळखोराच्या एका शब्दाने त्याची मान खाली जाते, आणि पुढे कित्येक वर्षे ती वर येत नाही.

१९३५ साली प्रसिद्ध झालेल्या साने गुरुजींच्या 'श्यामची आई' या पुस्तकात एक प्रसंग आहे. दापोलीस शिकावयास राहिलेला श्याम खाऊसाठी मिळालेले पैसे साठवितो आणि धाकट्या भावासाठी नवा कोट शिवून घरी आणतो. कारण त्या भावाचा जुना फाटलेला असतो आणि वडिलांजवळ नवा शिवावयास पैसे नसतात. हा प्रसंग बंधुप्रेमाचा म्हणून वाचला जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या आईचे एक करणे सहज नजरेतून निसटते. कोट पाहून आनंदित होण्यापूर्वी हे पैसे कोठून आले, ही चौकशी ती करते. दारिद्र्याने गांजलेल्या त्या घरातही पैशाचा उगम विचारल्याखेरीज कापडाचा स्वीकार झाला नाही.

आता किमतीकडे वळावयास हरकत नाही. मुलांना किंमत म्हणजे चिठ्ठीवरचा आकडा वाटते. मोठ्यांनाही बहुधा तेच वाटते. ही समजूत मोडण्यास एक भागाकार पुरतो. शाळेचा गणवेश ६०० रुपयांस घेतला आणि तो २०० दिवस अंगावर राहिला, तर एका दिवसाला ३ रुपये पडले. लग्नासाठी घेतलेला १,५०० रुपयांचा झगा तीनदा घालून आखूड झाला, तर एका वेळेला ५०० रुपये पडले. नऊ-दहा वर्षांच्या मुलामुलींना हा भागाकार करावयास सांगितला की ती आधी हसतात आणि मग गप्प होतात. त्यापुढचा प्रश्न तीच विचारतात: हा झगा चुलत बहिणीने आणखी तीनदा घातला तर? तर २५० झाले. भाजक वाढला की किंमत उतरते, हे अपूर्णांकांच्या धड्यात जितक्या कष्टाने कळते तितके कष्ट येथे पडत नाहीत. मात्र लग्नाला नवा झगा घेऊच नये असे यातून मुलांना शिकवू नये. सणाचा आनंद भागाकारात बसत नाही, आणि तो बसविण्याचा आग्रह धरणारी माणसे घरात फार काळ कोणाला सहन होत नाहीत.

जुन्या कपड्यांचा खरा बाजार मुलांना दिसे तो बोहारणीच्या टोपलीभोवती. दुपारची जेवणे आटोपली की डोक्यावर भांड्यांची पाटी आणि खांद्यावर गाठोडे घेऊन ती आळीत शिरे. बडोद्यास काय, मुंबईस काय, कित्येक घरांतील स्टीलची भांडी कपड्यांच्या मोबदल्यात आलेली आहेत. ही हाक आता विरळ झाली. तरी जेथे ती येते तेथे मुलांना शेजारी बसवावे. तिच्याइतके कापड ओळखणारे माणूस शाळेत भेटत नाही. ती पँट उलटी करून बैठकीची आणि गुडघ्यांची बाजू पाहते, साडी उजेडासमोर धरते, शिवण बोटांनी ताणून बघते. जुन्या शालूंची जर खऱ्या चांदीची असे तेव्हा तिची नजर प्रथम काठावर जाई, कारण ती जर जाळून चांदी काढीत. मग घासाघीस सुरू होते. "बाई, एवढ्यात हे पातेले येत नाही, आणखी एक साडी घाला."

या घासाघिशीत मुलाला मोल म्हणजे काय ते कळते. जो सदरा घरात कोणी घालीत नाही, त्याचेच दुसऱ्याच्या डोळ्यांत मोल असते. परंतु तेथे त्याला आणखीही काही दिसते. फाटकी बाजू आत जाईल अशी घडी घालून साडी पुढे सरकविणारी आई त्याला दिसते. बोहारीण ती घडी उलगडते, काही बोलत नाही, आणि पातेल्याऐवजी एक वाटी पुढे करते. त्या क्षणी मुलाची नजर कोणाकडे जाते याचा विचार त्या आईने करावा. हे कपडे घेऊन ती बाई घरी जाते, ते धुते, उसवलेले शिवते, इस्त्री फिरविते, आणि जुन्या बाजारात नेऊन विकते. तिचा नफा तिच्या या श्रमांत आणि विकला न जाणारा माल गळ्यात पडण्याच्या जोखमीत आहे. टोपली निघून गेल्यावर हा व्यापाराचा दुसरा अर्धा भाग मुलाला समजावून सांगितला नाही, तर तो "गरिबाला कसे गुंडाळावे" एवढाच धडा घेऊन उठेल.

श्रमाचा हिशेब वाकळीतही असाच लपलेला आहे. जुन्यापासून केले म्हणजे फुकट झाले, असा एक गोड गैरसमज सर्वत्र आहे. वाकळीचे कापड फुकट असेल; वाकळ फुकट नसते. थर सारखे पसरून ते हलू नयेत म्हणून आधी कच्चे टाके घालावे लागतात. मग कडेपासून आत आत धावदोऱ्याच्या ओळी घालीत जावे लागते. अनेक थरांतून सुई ओढताना बोटे सोलतात. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रिया कौदीच्या कोपऱ्यांवर कापडाची लहान फुले बसवितात, आणि ती बसल्याखेरीज कौदी पुरी झाली असे मानीत नाहीत. बंगालच्या कांथ्यात जुन्या साडीच्या काठातील रंगीत दोरे ओढून काढून त्यांनीच टाके घालण्याची रीत होती. ही सर्व कामे घरच्या बायकांनी दुपारच्या झोपेऐवजी केलेली आहेत. मुलाला एक वीतभर चौकोन शिवावयास द्यावा, घड्याळ लावून द्यावे, आणि त्यावरून पुऱ्या वाकळीस किती तास लागतील तो गुणाकार त्याच्याकडूनच करून घ्यावा. मग गावातील गोधडी शिवून देणारी बाई मजुरी सांगते तेव्हा ती जास्त आहे की कमी, हे ठरविण्यास तो लायक होईल. आणि हा चौकोन मुलग्यालाही द्यावा. बहिणीने बटण लावून द्यावयाचे आणि भावाने पैसे मोजावयाचे, अशी वाटणी जेथे चालू आहे तेथे दोघांचेही शिक्षण अर्धेच होते.

घराबाहेर पडलेल्या चिंधीचे पुढे काय होते, तेही मुलांना ठाऊक नसते. तिचा एक मोठा मुक्काम हरियाणातील पानिपत हा आहे. ज्या गावाचे नाव मराठी माणूस १७६१ सालापलीकडे सहसा उच्चारीत नाही, तेथे देशोदेशींचे टाकलेले लोकरी आणि इतर कपडे गाड्या भरभरून येतात. बायका त्यांची बटणे, चेनी, अस्तरे काढतात. रंगांप्रमाणे ढीग लावतात. मग ते कपडे यंत्रांत फाडून, पिंजून त्यांचे पुन्हा सूत काढले जाते. रंगवार निवड केल्यामुळे त्या सुताला बहुधा नव्याने रंग द्यावा लागत नाही. त्याच्या स्वस्त घोंगड्या होतात आणि भूकंप-पुराच्या वेळी वाटल्या जातात. ही युक्ती इंग्लंडात यॉर्कशायरमधील बॅटली या गावी १८१३ च्या सुमारास बेंजामिन लॉ याने काढली, आणि चिंध्यांपासून केलेल्या त्या कापडाला 'शॉडी' हे नाव पडले. पुढे इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ 'हलक्या प्रतीचे' असा झाला. वस्तूपेक्षा तिच्याविषयीची तुच्छता अधिक टिकली, असे यावरून वाटते.

पानिपतची कथा सांगताना तिची काळी बाजू गाळू नये. कापड फाडण्याच्या खोल्यांत तंतूंची धूळ भरलेली असते आणि ती कामगारांच्या छातीत जाते. शिवाय प्रत्येक वेळी फाडताना धागा आखूड होतो. नव्या सुताची किंवा कृत्रिम धाग्याची जोड दिल्याखेरीज त्याला बळ येत नाही. सूत आणि पॉलिएस्टर एकत्र विणलेले कापड तर पुन्हा वेगळे करणे फारच अवघड. तेव्हा कपडा यंत्रात घालणे हा शेवटचा उपाय आहे. आधी तो घालावा, मग दुरुस्त करावा, मग दुसऱ्याने घालावा, मग त्याचे दुसरे काही करावे, आणि काहीच उरले नाही म्हणजे फाडावा. आजचे अभ्यासक हा क्रम सांगतात. लुगड्याच्या चरित्रात दंड, परकर, वाकळ आणि पोतेरे याच क्रमाने आले होते.

यात पृथ्वीचाही एक जमाखर्च आहे, आणि तो मुलांना घागरींत मोजून दाखविता येतो. कापसाच्या शेतापासून तयार कापडापर्यंत लागणाऱ्या पाण्याची जागतिक सरासरी अभ्यासकांनी एक किलो सुती कापडास सुमारे १०,००० लिटर अशी काढली आहे. पाव किलो वजनाच्या सदऱ्यास म्हणजे सुमारे २,५०० लिटर. पंधरा लिटरची घागर धरली तर दीडशेहून अधिक घागरी झाल्या. मात्र सरासरी ही सरासरीच असते. विदर्भातील बहुतेक कापूस पावसावर पिकतो, कालव्याच्या पाण्यावर नव्हे. तेव्हा तेथील सदऱ्याचा हिशेब वेगळा येईल, आणि त्यातील पाण्यापेक्षा शेतकऱ्याची चिंता मोठी ठरेल. मुलांना हेही सांगावे. आकडा ऐकून घाबरण्यापेक्षा आकड्याला प्रश्न विचारणे त्यांना जमले पाहिजे. बेळगावच्या मुलांना वडगाव-शहापूरचे माग पायी जाऊन पाहता येतात, इचलकरंजीही फार दूर नाही. ताणा कसा भरतात, बोबीन किती वेळात रिकामी होते, दिवसाला किती कापड निघते आणि विणकराच्या हाती काय पडते, हे एकदा प्रत्यक्ष विचारून आलेले मूल नवा सदरा जमिनीवर फेकताना एक क्षण थांबते.

राहिली दानाची गोष्ट. धर्मसंस्थेच्या प्रांगणात ती बोलावयास थोडे धैर्य लागते. जुने कपडे देणे हे सर्वांत सोपे दान आहे, आणि म्हणूनच ते सर्वांत निष्काळजीपणे केले जाते. २००४ च्या डिसेंबरात सुनामीने तमिळनाडूचा किनारा उद्ध्वस्त केला तेव्हा देशभरातून इतके निरुपयोगी कपडे तेथे येऊन पडले, की रस्त्याच्या कडेस त्यांचे ढीग लागले. कोळी कुटुंबांनी ते उचलावयास नकार दिला. ज्यांचे घर गेले त्यांचा स्वाभिमान गेला नव्हता. दिल्लीत १९९९ साली अंशु गुप्ता यांनी स्थापिलेल्या 'गूंज' या संस्थेने यावर एक वेगळी वाट काढली. गावकऱ्यांनी आपल्या गावासाठी विहीर खणावी, रस्ता दुरुस्त करावा, तळे साफ करावे. आणि त्या श्रमाचा मोबदला म्हणून शहरातून निवडून, धुऊन आलेले कपडे आणि इतर वस्तू त्यांना मिळाव्यात. जुन्या सुती कापडापासून स्त्रियांच्या मासिक पाळीसाठी स्वच्छ घड्या करण्याचे कामही या संस्थेने केले. अंशु गुप्ता यांना २०१५ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या योजनेतील मर्म मुलांना चटकन कळते. कपडा भीक म्हणून मिळाला की तो घालताना लाज वाटते. मोबदला म्हणून मिळाला की वाटत नाही. कापड एकच असते.

घरकामास येणाऱ्या बाईच्या मुलाला आपला जुना शर्ट दिला आणि तो त्याने घातलेला पाहून घरचा मुलगा वर्गात मोठ्याने म्हणाला, "हा माझा शर्ट आहे," असे प्रसंग घडतात. त्या मुलाला रागे भरून उपयोग नसतो. देताना त्याच्या आईने तो शर्ट त्याच्यासमोर ज्या रीतीने पुढे केला, ती रीत त्याने उचललेली असते. देण्यापूर्वी कपडा धुवावा, तुटलेले बटण देणाऱ्या मुलानेच लावावे, घडी घालावी, आणि "लागेल का?" असे आधी विचारावे. नको म्हणण्याची मोकळीक ज्याला आहे त्यालाच घेण्याचा मान राहतो.

येथे खणांविषयी एक शब्द बोलल्यावाचून राहवत नाही. ओटीत मिळालेले खण प्रत्येक घरातील ट्रंकेच्या तळाशी असतात. ते शिवले जात नाहीत, फाडले जात नाहीत, एका ओटीतून दुसऱ्या ओटीत वर्षानुवर्षे हिंडत राहतात, आणि क्वचित मूळ घरीही परत येतात. गुळेदगुड्ड्याच्या मागावर ज्याने तो खण विणला त्याला हे कळले तर हसावे की रडावे ते समजणार नाही. नवे कापड वापराविना जुने होणे हीही एक उधळपट्टीच, फक्त तिला कोणी तसे म्हणत नाही. अशा खणांच्या पिशव्या, पोथ्यांची वेष्टने, मुलींची पोलकी एखाद्या सुट्टीत मुलांकडून करवून घ्यावीत. पूर्वी शाळा सुरू होताना वरच्या वर्गातील मुलांची पुस्तके खालच्या वर्गातील मुले निम्म्या किमतीस घेत. गणवेशांचीही तशी देवघेव जून महिन्यात कोणत्याही सभागृहात एका दुपारी होऊ शकेल. किंमत मुलांनीच ठरवावी, वही मुलांनीच लिहावी, आणि मोठ्यांनी फक्त सतरंज्या अंथराव्यात.

ती वही कशी असावी, एवढेच सांगावयाचे राहिले. दिवाळीच्या पाडव्याला व्यापारी नव्या वह्या घालतात; त्याच दिवशी घरातील मुलांनीही एक कापडवही घालावी. ज्यांच्या घरी आजोबांची जुनी रोजकीर्द जपून ठेवलेली असेल त्यांनी ती आधी मुलांपुढे उघडावी. तीत १ एप्रिल १९५७ पूर्वीचे आणे आणि पै भेटतील; १६ आण्यांचा रुपया आणि त्या रुपयाच्या १९२ पै यांचे दशमान पैशांत रूपांतर करण्याची गंमत मुलांना दोन दिवस पुरेल. हैदराबादकडील घरांत हाली सिक्क्याचे आकडे निघतील, गोव्याकडील वहीत तेथल्या रुपियाचे. आजोबांनी धोतरजोडी कितीला घेतली ते त्यांतून कळेल. ती पुढे कोणत्या वाकळीत गेली ते आजीला विचारावे लागेल, आणि ती ट्रंकेकडे बोट दाखवील.

नव्या वहीत रकाने थोडेच आखावेत. कपडा कोणता, कोणत्या दिवशी आला, किती रुपयांस. प्रथम कोणी घातला, मग कोणी. दुरुस्तीस काय लागले, ती कोणाच्या हातची. किती वाचले, आणि ते कोणाच्या नावावर पडले. शेवटचा रकाना बरीच वर्षे कोरा राहील. तो कपड्याचे पोतेरे होईल तेव्हा भरावयाचा आहे, आणि त्या वेळी लेखणी ज्याच्या हाती असेल त्याचे अक्षर कदाचित पहिल्या ओळीतल्या अक्षराहून निराळे असेल.